डाव्या कडेची रिकामी जागा

कास्पर रूलॉफ्सला कॉलेजने बोलावलं, तेव्हा आइंडहोवनमधल्या शहाण्या माणसांनी कपाळाला हात लावला. ज्या डच मुलखात कॉफीबरोबर पाहुण्याला एक बिस्किट दिलं की डब्याला लगेच झाकण लागतं, तिथे एका साध्यासुध्या कॉलेजने मुलींच्या फुटबॉल टीमसाठी टीव्हीवर झळकणारा कोच आणावा आणि त्याला संचालिकेपेक्षाही जास्त पगार द्यावा, हे कुणाच्याच पचनी पडेना. संचालिका मार्खरीट अमेरिकेला जाऊन आल्या होत्या. तिथल्या कॉलेजांत कोचचे फोटो भिंतभर लावतात, टीम जिंकली की प्रवेशाला रांगा लागतात, हे बघून त्यांच्या डोक्यात खूळ शिरलं होतं आणि ते काही केल्या उतरत नव्हतं.

आणि मग करोना आला. सामने बंद, प्रेक्षक बंद, क्लबांची कँटीनं बंद. एवढा लाखमोलाचा कोच आणला आणि खेळायला समोर कोणी नाही, अशी गत झाली. वर्ष सरत आलं तशी ओरड वाढली, म्हणून मार्खरीटनी समिती नेमली. हा माणूस परवडतो का, त्याचा करार पुढे चालू ठेवायचा का, हे समितीने सांगायचं. समितीतले दोघे नावापुरते होते. काम करणारा एकच, यशोधन बर्वे, कारण तो तिथे संख्याशास्त्र शिकवायचा, आणि भारतीय माणूस आकड्यांत चुकत नाही अशी डच लोकांची एक गोड समजूत आहे. आपली मुलगी त्याच टीममध्ये खेळते हे त्याने आधीच सांगून टाकलं. बरंच झालं, आतली बातमी कळेल, असं म्हणून मार्खरीटनी विषय संपवला.

एकही सामना न जिंकलेल्या आणि एकही न हरलेल्या कोचचं मोल कुठल्या सूत्राने काढणार? यशोधनने मनातल्या मनात निकाल लावून ठेवला होता. नाही परवडत. त्या पगारात, खोल्यांत कोंडून बसलेल्या पोरांशी बोलायला चांगले चार समुपदेशक ठेवता आले असते. हे त्याचं पुस्तकी मत नव्हतं. त्याच्या स्वतःच्या घरात तसं एक पोर होतं.

जयंती, त्याची बायको, आदल्या वर्षी एप्रिलमध्ये गेली. आइंडहोवनच्या आसपासची, ब्राबांट प्रांतातली हॉस्पिटलं तेव्हा भरून वाहत होती. तिला न्यायला आलेल्या माणसांचे चेहरेसुद्धा दिसले नाहीत, आणि शेवटचा निरोप टॅबलेटच्या पडद्यावर झाला. दहनाला बापलेक आणि लांब लांब बसलेले मोजके शेजारी. मुलगी, हिमानी, रडली नाही. घरी आली, वर गेली, दार लावलं, आणि ते दार जवळजवळ वर्षभर फक्त ताट आत घेण्यापुरतं उघडलं. यशोधनने थालीपिठं करून बघितली, ती जळाली. पुण्याहून मावशीचे व्हिडिओ कॉल लावून दिले, ते हिमानीने भिंतीकडे वळवून ठेवले.

मग मार्चमध्ये सव्विशीपर्यंतच्या मुलांना मैदानावर टीमने सराव करायची परवानगी मिळाली. सामने नाहीत, नुसता सराव. हिमानी पहिल्या दिवशी कुणी ढकलल्यासारखी गेली. परत आली ती चिखलाने माखून, आणि बूट काढता काढता म्हणाली, भूक लागलीय. यशोधनने तिच्याकडे पाठ करून भात वाढला, कारण त्याचे डोळे भरून आले होते.

तेव्हापासून त्याचा निकाल डळमळायला लागला. कोच गेला तर ते दार पुन्हा लागणार, हे त्याला उघड दिसत होतं.

प्रेक्षकांना बंदी असली तरी समितीच्या माणसाला कोण अडवणार? गुरुजींनी पुण्याहून झूमवर सांगितलेलं जयंतीचं वर्षश्राद्ध नुकतंच उरकलं होतं, त्याच आठवड्यात एका ढगाळ संध्याकाळी यशोधन सायकल कुंपणाला लावून आत शिरला. वारा अगदी पडलेला होता. मैदानावर दहा मुली खेळत होत्या आणि त्यांच्यासमोर कोणी नव्हतं. त्या नसलेल्या माणसांना चकवत होत्या, त्यांच्यामधून पास काढत होत्या, मागे वळून नसलेला हल्ला थोपवत होत्या. कोणी ओरडत नव्हतं. बॉल पायाला लागल्याचा आवाज तेवढा येत होता.

अकरावी मुलगी महामारीत गावाकडे आईवडिलांजवळ राहायला गेली होती. दुसरा कोच असता तर त्याने तिच्या जागी कुणाला तरी सरकवलं असतं. रूलॉफ्सने डाव्या कडेची तिची जागा तशीच रिकामी ठेवली होती, आणि मुलींना सांगितलं होतं की तिथे कोणी आहे असं समजून पास द्या. ह्यासाठी एवढा पगार, असं यशोधनच्या मनात आलं. तेवढ्यात हिमानीने त्या रिकाम्या जागेत पास दिला.

बॉल सरळ गेला, ओल्या गवतावर हळू झाला आणि थांबला. इथवर ठीक होतं. मग क्षणभराने तो परत आला. किंचित तिरका, अंगठ्याने ढोसल्यासारखा अडखळत आला, आणि हिमानी खळखळून हसली, तो घेऊन पुढे पळाली. बाकीच्या मुली खेळतच राहिल्या. कुणाला त्यात काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

ती लाथ यशोधनच्या ओळखीची होती.

हिमानी लहान असताना घरामागच्या अंगणात तिघं फुटबॉल खेळत. जयंतीला खेळातलं ओ की ठो कळत नसे. बॉल आला की ती ओढणी एका हाताने सावरायची, दोन्ही पाय जुळवून तो अडवायची, जरा विचार करायची आणि मग अंगठ्याने ढोसायची. हिमानी चिडून तिला खेळातून काढायला निघाली, तेव्हा यशोधनने तोडगा काढला होता. आपल्याकडे गल्लीत धाकटी भावंडं जशी लिंबूटिंबू म्हणून घेतात, तशी आई लिंबूटिंबू. ती खेळणार, पण मोजायची नाही. तिच्यावर राज्य येणार नाही, तिच्या चुका धरायच्या नाहीत, आणि काही झालं तरी ती आउट होणार नाही. हिमानीला हा नियम फार आवडला. पुढे तिने त्या नियमावर कधी वाद घातला नाही.

सराव संपल्यावर यशोधन त्या जागेकडे गेला. माणूस शास्त्राचा, आधी उतार बघितला. उतार नव्हता. बॉल ठेवून बघितला, तो हलला नाही. मग तो स्वतः तिथे उभा राहिला, आणि बुटांच्या तळव्यांतून गारवा वर चढायला लागला. जयंती केसांना लावायची त्या आवळ्याच्या तेलाचा वास आला. तो चटकन बाजूला झाला आणि झाल्याची त्यालाच लाज वाटली.

रूलॉफ्स सरावाचे प्लास्टिकचे कोन गोळा करत होता. उंच, शिडशिडीत, हळू बोलणारा माणूस, टीव्हीवर दिसतो त्याहून म्हातारा. यशोधनने आडवळणाने विचारलं की ही पद्धत नेमकी काय आहे. रूलॉफ्स म्हणाला, “सगळे कोच शिकवतात की माणूस आहे तिथे पास द्या. मी शिकवतो, माणूस नाही तिथे द्या. माणूस येतो.”

“कोण येतो?”

“ते मी विचारत नाही. मी त्या बाजूला बघतसुद्धा नाही.”

तेव्हा यशोधनच्या लक्षात आलं की अख्ख्या सरावात हा माणूस डाव्या कडेला पाठ करून उभा होता.

घरी जाताना बापलेकीच्या सायकली शेजारी शेजारी चालल्या होत्या. हिमानी शीळ घालत होती. मग तिने त्याच्याकडे न बघता विचारलं, “बाबा, यू सॉ, राइट?”

यशोधनने समोरच्या सिग्नलकडे बोट दाखवलं.

“डोन्ट बी स्केअर्ड. रूल तूच केला होतास ना? लिंबूटिंबू नेव्हर गेट्स आउट.”

मरण पावलेल्या माणसाला असं खेळायला बोलवू नये, हे त्याने तिला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पोरगी हसत होती, जेवत होती, आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःला पुन्हा एकदा ती तिरकी लाथ बघायची होती. त्या रात्री त्याने अहवालाचं पहिलं पान उघडलं आणि काही न लिहिता मिटलं.

मे महिन्यात पारडं फिरलं. सराव नसला तरी हिमानी मैदानावर जायला लागली. अंधार पडेपर्यंत एकटीच बॉल द्यायची आणि परत घ्यायची. मैत्रिणींचे फोन उचलेना, परीक्षांचं नाव काढलं की उठून जाई. जेवण पुन्हा तुटलं. खोलीचं दार आता सताड उघडं असायचं, पण आत कोणी नसायचं. एकदा पाण्याचा ग्लास देताना तिच्या बोटांना यशोधनचा हात लागला, तर ती फ्रिजमधून काढल्यासारखी गार होती. बाहेर लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते.

कोच ठेवला तर पोरगी त्या मैदानावरून कधी परत यायचीच नाही, हे त्याला त्या दिवशी कळून चुकलं. रूलॉफ्सला काढायचं, करार संपवायचा, असं त्याने ठरवलं. मार्खरीट म्हणाल्या, थांबा जरा, जूनमध्ये सामने सुरू होताहेत, मास्ट्रिख्टची टीम मैत्रीच्या सामन्याला येतेय, तेवढा बघा आणि संध्याकाळी मला फोनवर हो की नाही ते सांगा.

सामन्यासाठी अकरा लागणार होत्या, म्हणून फेना नावाची एक नवी मुलगी घेतली. तिची जागा डाव्या कडेला. हे कळलं तेव्हा हिमानी जिन्यात बसून राहिली. यशोधन शेजारी जाऊन बसला. ती बराच वेळ बुटाची नाडी सोडत बांधत होती.

“तिथे कुणी उभं राहिलं तर आई कुठे जाईल?” ती म्हणाली. हा प्रश्न तिने मराठीत विचारला. एकही इंग्रजी शब्द नसलेलं इतकं लांब मराठी वाक्य तिने गेल्या कित्येक वर्षांत बोललेलं त्याला आठवत नव्हतं.

सामन्याच्या दिवशी ऊन पडलं होतं. मास्ट्रिख्टच्या मुली दणकट होत्या आणि वर्षभर कोंडलेली वासरं सुटावीत तशा पळत होत्या. फेना डाव्या कडेला उभी राहिली, पण टिकेना. दर थोड्या वेळाने मधे सरकायची, हाताने दंड चोळायची, बाहेर बघायची. शेवटी तिने कोचला खूण केली की मला बाहेर यायचंय. तिचे दात वाजत होते. रूलॉफ्सने तिला बाकावर बसवलं, अंगावर त्याचा कोट टाकला आणि सामना दहा मुलींवरच चालू ठेवला.

मग ते सुरू झालं. हिमानी बॉल मिळाला की डावीकडे द्यायची आणि तो परत यायचा. समोरच्या मुली अडवायला धावायच्या, पण त्या जागेजवळ आल्या की हळू व्हायच्या आणि वळसा घालून जायच्या. सुपरमार्केटच्या गल्लीत समोरून कुणी आलं की वर्षभर सगळे जशी वाट सोडत होते, तशी त्यांनी वाट सोडली. अंतर बरोबर करोनाच्या नियमातलं, दीड मीटर. आपण कुणासाठी बाजूला होतोय हे त्यांचं त्यांनाही कळत नसावं. रेफ्रीनेसुद्धा मागे सरकताना हात वर करून कुणाची तरी माफी मागितली.

मार्खरीट टाळ्या वाजवत होत्या. दोन गोल झाले होते आणि त्यांना त्यांच्या पैशाचं चीज झालेलं दिसत होतं. यशोधन लेकीकडे बघत होता. हाफ टाइमची शिट्टी झाली, सगळ्या पाण्याकडे गेल्या, आणि हिमानी त्या रिकाम्या जागेत एकटीच उभी राहून मान वर करून कुणाशी तरी बोलत राहिली. तिचे ओठ निळे पडले होते.

यशोधन रूलॉफ्सकडे धावला आणि त्याला दरडावून म्हणाला की तिला बाहेर काढा.

“तुमच्या मुलीला काढतो,” रूलॉफ्स म्हणाला. “पण ती पुन्हा इथेच येईल. दुसरीला मला काढता येत नाही. तिचं नाव मी कधी लिहिलंच नव्हतं. जिला मोजलं नाही तिला बदलायचं कसं? तिला खेळायला मी नाही घेतलं.” आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने डाव्या कडेला नजर टाकली, लगेच खाली घेतली. “ज्यांनी घेतलं, त्यांनीच बोलवावं.”

यशोधन मैदानात उतरला. लिंबूटिंबू आउट होत नाही, पण त्याचा खेळ संपतो. कुठल्याही गल्लीत संपतो तसाच. दिवेलागणीला घरातलं कोणीतरी गॅलरीत येतं, नाव घेऊन हाक मारतं आणि लिंबूटिंबू मुकाट्याने निघतो. अंगणातसुद्धा जयंतीचा खेळ असाच संपायचा. यशोधन मागच्या दारातून ओरडायचा, तिघं हसायचे आणि ती ओढणी झटकत आत यायची.

तो त्या जागेपासून थोडा अलीकडे थांबला. पायांना गार लागत होतं. हिमानीने त्याच्याकडे बघितलं आणि तो काय करणार हे ओळखून दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली. “बाबा, नको.”

वर्षभर त्याने ते नाव मोठ्याने घेतलं नव्हतं.

“जयंती,” तो म्हणाला. “चल घरी. कुकर लावायचाय.”

काही झालं नाही. मग हिमानीचे केस, वारा नसताना, कुणी जवळून गेल्यासारखे हलले. आवळ्याचा वास यशोधनच्या खांद्याशी आला आणि तिथेच रेंगाळला. हिमानी गुडघ्यांवर बसली आणि रडायला लागली. दहनाच्या दिवशी जे रडायचं राहिलं होतं ते सगळं ती तिथे, मैदानाच्या मधोमध, मास्ट्रिख्टच्या मुलींसमोर रडली. यशोधनने तिचे हात हातात घेतले. हात कोमट होते.

दुसऱ्या अर्ध्यात फेना आपल्या जागेवर परत गेली आणि टीम व्यवस्थित हरली. हिमानीचे तीन पास चुकले, ती ऑफसाइडवरून रेफ्रीशी भांडली, आणि सामना संपल्यावर मुलींच्या घोळक्यात बसून चिप्सचं पाकीट फस्त केलं. इतकं साधं दृश्य यशोधनने वर्षभरात पाहिलं नव्हतं. तो कुंपणाला टेकून ते डोळे भरून बघत राहिला. रूलॉफ्सला घालवायचं हे आता अगदी पक्कं होतं. घरी जायचं, फोन करायचा, नाही म्हणायचं.

हिमानी मैत्रिणींबरोबर मागे राहिली. तो एकटाच घरी आला. सायकल शेडमध्ये लावली आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेला.

दाराच्या आत, पुसलेल्या फरशीवर, ओल्या पावलांचे दोन ठसे होते. शेजारी शेजारी, पाय जुळवून उभं राहिल्यासारखे. कुकर कपाटातून काढून गॅसवर ठेवलेला होता. तांदूळ धुतलेले होते.

यशोधन खुर्चीवर बसला. भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त वाटलं ते दुसरंच, आणि ते त्याला आवरेना. हाक मारली होती, ती आली होती. आपल्या घरात येण्याचा तिला हक्क होता. मैदानावर ती पोरीला थंड पाडत होती, इथे पोरीच्या अंगाला तिचा वारा लागू द्यायचा नाही, एवढी काळजी घेतली म्हणजे झालं. त्याने स्वतःला हे पटवलं, आणि शास्त्राच्या माणसाला पटवायला फार वेळ लागला नाही.

फोन वाजला. मार्खरीट होत्या. हरलो म्हणून जरा हिरमुसल्या होत्या. शेवटी एकदा सांगून टाका, म्हणाल्या, हा माणूस एवढ्या पैशांच्या लायकीचा आहे का?

कुकरची शिट्टी हळूच थरथरली. गॅस त्याने लावला नव्हता.

“ठेवा त्याला,” यशोधन म्हणाला. “मागेल तेवढे द्या.” तिला घरी आणणारा रस्ता त्या मैदानावरून येत होता, आणि तो रस्ता बंद पडला तर तिला पुन्हा आणणार कोण, हे काही त्याने त्यांना सांगितलं नाही.

हिमानी आली तेव्हा दिवे लागले होते. गरम पाण्याने अंघोळ करून, केस पुसत ती खाली आली. गाल लाल झाले होते. उद्या फेनाकडे जाणार आहे, परीक्षेचं काहीतरी बघायचंय, असं सांगता सांगता ती टेबलापाशी थांबली. टेबलावर तीन ताटं होती. यशोधन तिसऱ्या ताटात भात वाढत होता, मूद नीट पाडून, वर वरण, जयंतीला लागायचं तेवढंच तूप.

मग ती टेबलाला वळसा घालून त्याच्याजवळ आली आणि तिने त्याचा हात मनगटाजवळ धरला. धरला आणि दचकून सोडला. तो हात बर्फासारखा गार होता.

“बाबा,” ती हळू म्हणाली, “खेळ संपला ना?”

“तुझा संपला,” यशोधन म्हणाला, आणि त्याने तिसऱ्या ताटापुढची खुर्ची जरा मागे ओढून ठेवली.